पहिली दुर्बीण घेण्यापूर्वी

वार्षिक परीक्षा संपल्या किंवा दिवाळी तोंडावर आली, की शहरांतील खेळण्यांच्या आणि कॅमेऱ्यांच्या दुकानांत दर्शनी काचेमागे एक लांबट, चकचकीत खोके हमखास दिसू लागते. खोक्यावर शनीचे भलेमोठे रंगीत छायाचित्र असते. शेजारी मृग नक्षत्रातील तेजोमेघाची गुलाबी-जांभळी आभा असते आणि वर ठळक आकड्यांत लिहिलेले असते : ‘५२५ पट’. मुलांना विज्ञानाची गोडी लागावी म्हणून आई-वडील मोठ्या हौसेने ते खोके घरी आणतात. पहिल्या रात्री चंद्र कसाबसा सापडतो. दुसऱ्या रात्री शनी शोधण्यात तासभर जातो, तिपाई थरथरत राहते आणि अखेर जे दिसते ते खोक्यावरच्या चित्राच्या जवळपासही जात नाही. पंधरवड्याने दुर्बीण कपाटावर चढते आणि पाऊस सुरू झाला की माळ्यावर.

प्रस्तुत प्रतिनिधीच्या घरच्या माळ्यावरही अशी एक दुर्बीण बरीच वर्षे पडून होती. पहिल्या पगारातून ती घेताना दुकानदाराला एकच प्रश्न विचारला होता, ‘हिच्यातून किती पट मोठे दिसते?’ उत्तर खोक्यावरच छापलेले होते. मुळात तो प्रश्नच विचारायचा नसतो, हे कळायला पैसे आणि पुरता एक हिवाळा खर्ची पडला. आकाशदर्शनाची हौस असणाऱ्या इतरांचा तरी तो खर्च वाचावा, एवढ्यासाठी हा तपशील.

पाचशे पटींचे गणित

दुर्बिणीतून वस्तू किती पट मोठी दिसते, हे काढणे अगदी सोपे आहे. पुढच्या मोठ्या भिंगाचे किंवा आरशाचे नाभीय अंतर, म्हणजे ज्याला सारे ‘फोकल लेंथ’ म्हणतात ते, डोळ्याला लावायच्या छोट्या भिंगाच्या नाभीय अंतराने भागायचे. या छोट्या भिंगाला मराठीत नेत्रिका असा छान शब्द असला, तरी दुकानात आणि गच्चीवर सगळे त्याला आयपीसच म्हणतात. समजा, दुर्बिणीचे नाभीय अंतर ७०० मिलिमीटर आहे. २५ मिलिमीटरचा आयपीस लावला तर प्रतिमा २८ पट, १० मिलिमीटरचा लावला तर ७० पट आणि ४ मिलिमीटरचा लावला तर १७५ पट मोठी दिसेल. खोक्यात बहुधा तीन पट वाढवणारी बार्लो नावाची एक नळीही दिलेली असते. १७५ ला ३ ने गुणले की ५२५! आकडा खोटा नाही. त्याचा उपयोग मात्र शून्य आहे.

कारण प्रतिमा मोठी करता येते. पण तिच्यात नसलेला तपशील आणि प्रकाश कोठून आणणार? एखादे लहान छायाचित्र ताणून भिंतीएवढे करावे आणि त्यातले चेहरे ओळखू येईनासे व्हावेत, तसे येथे होते. अनुभवी निरीक्षकांचा ठोकताळा असा, की वस्तुभिंगाचा व्यास जितके मिलिमीटर, त्याच्या दुपटीपलीकडे वर्धन नेऊ नये. ७० मिलिमीटरच्या दुर्बिणीला १४० पट ही मर्यादा झाली, आणि तीही हवा अगदी स्थिर असलेल्या रात्री. प्रत्यक्षात बहुतेक निरीक्षण २५ ते १०० पटींच्या दरम्यानच होते. तेव्हा खोक्यावर सर्वांत मोठ्या अक्षरांत ‘पट’ छापलेली दुर्बीण दिसली, तर दुकानातून निघणे श्रेयस्कर.

विचारायचा प्रश्न आहे तो व्यासाचा. दुर्बिणीचे पहिले काम वस्तू मोठी दाखवणे हे नसून प्रकाश गोळा करणे हे आहे. अंधारात माणसाच्या डोळ्याची बाहुली फार तर ७ मिलिमीटरपर्यंत उघडते. ७० मिलिमीटरचे भिंग तिच्या दहापट रुंद, म्हणजे क्षेत्रफळाने शंभरपट मोठे. म्हणून ते शंभरपट प्रकाश गोळा करते. १३० मिलिमीटरच्या आरशाच्या बाबतीत हाच आकडा सुमारे ३४५ वर जातो. व्यास वाढला की बारकावेही अधिक उमटतात. भिंगाची दुर्बीण असेल तर ७० मिलिमीटर आणि आरशाची असेल तर ११४ मिलिमीटर, याच्या खाली नवशिक्याने उतरू नये. ५० मिलिमीटरच्या खेळण्यातील दुर्बिणीवर पैसे घालण्यापेक्षा तेच पैसे दुसऱ्या एका वस्तूवर घालावेत.

आधी बायनॉक्युलर, त्याआधी डोळे

ती वस्तू म्हणजे बायनॉक्युलर, अर्थात द्विनेत्री. तिच्यावर ‘१० x ५०’ असे लिहिलेले असते. पहिला आकडा पटींचा, दुसरा भिंगाच्या व्यासाचा. पहिल्या वर्षी एवढीच द्विनेत्री पुरते, असे सांगणारे जाणकार अनेक आहेत आणि त्यांचे म्हणणे टाळण्यासारखे नाही. कृत्तिकांचा गुच्छ कोणत्याही मोठ्या दुर्बिणीपेक्षा द्विनेत्रीतून अधिक देखणा दिसतो, कारण तो सगळा एकाच नजरेत मावतो. वृश्चिकाच्या नांगीजवळचे तारकागुच्छ, पुष्य नक्षत्रातील धूसर पुंजका, देवयानी दीर्घिकेचा फिकट डाग हे सारे तिच्या आवाक्यात येते. कठड्यावर कोपरे टेकून ती स्थिर धरली, तर गुरूचे चंद्रही ठिपक्यांसारखे दिसतात. शिवाय हौस संपली तरी वस्तू वाया जात नाही. पक्षिनिरीक्षणाला, किल्ल्यावर आणि क्रिकेटच्या मैदानावर ती चालतेच.

द्विनेत्रीच्याही आधी नुसत्या डोळ्यांनी आकाश ओळखीचे व्हायला हवे. ज्याला गुरू कोणता आणि व्याध कोणता हे सांगता येत नाही, त्याच्या हातात दुर्बीण देणे म्हणजे अनोळखी शहरात पत्त्यावाचून सोडण्यासारखे आहे. दुर्बिणीतून आकाशाचा चिमूटभर तुकडाच दिसतो. तो कोणता, हे आधी ठाऊक असावे लागते. आता भ्रमणध्वनीवरील स्टेलारियमसारख्या प्रणालींमुळे हे काम सोपे झाले आहे.

महाराष्ट्राचे भाग्य असे, की येथे हौशी आकाशनिरीक्षकांची परंपरा जुनी आहे. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून काम करीत आहे आणि टिळक स्मारक मंदिरात तिचे कार्यालय आहे. मुंबईच्या खगोल मंडळाची स्थापना १९८५ सालची, हॅलेच्या धूमकेतूची चाहूल लागली होती त्या दिवसांतील. कर्जत मार्गावरच्या वांगणीत मंडळाचे रात्रभराचे आकाशदर्शन कार्यक्रम वर्षानुवर्षे होत आले आहेत आणि आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या कितीतरी मुंबईकरांनी शनीची कडी पहिल्यांदा पाहिली ती तेथेच. अशा एका रात्री पाच-सहा निरनिराळ्या दुर्बिणींना डोळा लावायला मिळतो. कोणती जड, कोणती सुटसुटीत, कोणत्या दुर्बिणीपुढे वाकून मान मोडते, हे माहितीपत्रकांतून कळत नाही. तेथे पाच मिनिटांत कळते. दुर्बीण घेण्यापूर्वी अशी एक रात्र अवश्य काढावी.

भिंग की आरसा?

स्वस्त दुर्बिणी दोन जातींच्या. पुढे भिंग असलेली ती अपवर्तक आणि तळाशी अंतर्गोल आरसा असलेली ती परावर्तक. गॅलिलिओने १६१० साली गुरूचे चंद्र पाहिले ते भिंगाच्या दुर्बिणीतून, आणि आरशाची दुर्बीण न्यूटनने १६६८ साली बनवली.

भिंगाची दुर्बीण आडदांड हाताळणी सोसते, तिची फारशी निगा राखावी लागत नाही, खोक्यातून काढली की ती तयार असते. घरात लहान मुले असतील आणि पाहायचे मुख्यतः चंद्र व ग्रह असतील, तर ७० किंवा ८० मिलिमीटरची अपवर्तक दुर्बीण उत्तम. तेजस्वी वस्तूंभोवती किंचित जांभळट किनार दिसते. तो स्वस्त भिंगाचा अंगभूत रंगदोष आहे, बिघाड नव्हे. नाभीय अंतर व्यासाच्या दहापट किंवा अधिक असेल, तर तो फारसा जाणवत नाही.

आरशाची दुर्बीण त्याच पैशांत अधिक व्यास देते. एक गोलाकार पृष्ठभाग घासणे हे भिंगाचे चार पृष्ठभाग घासण्यापेक्षा स्वस्त पडते, एवढेच त्याचे कारण. मात्र तिच्यातील दोन आरसे एका रेषेत आहेत ना, हे अधूनमधून तपासून स्क्रूने जुळवावे लागते. प्रथम हे काम भीतिदायक वाटते. चार वेळा केले की सायकलची चेन बसवण्याइतके सवयीचे होते. ज्यांना ही कटकट नको, त्यांनी भिंगाकडेच वळावे.

येथे एका फसव्या प्रकाराचा उल्लेख करणे आवश्यक आहे. आरशाच्या साध्या दुर्बिणीची नळी तिच्या नाभीय अंतराइतकीच, म्हणजे १००० मिलिमीटर लिहिले असेल तर सुमारे मीटरभर लांब असते. काही दुर्बिणींवर १००० मिलिमीटर लिहिलेले असते आणि नळी जेमतेम अर्ध्या मीटरची असते. आयपीस बसवायच्या नळीत एक जास्तीचे भिंग दडवून हे साधलेले असते. स्वस्त दुर्बिणींत ही रचना क्वचितच नीट जमते आणि तिचे आरसे जुळवणे तर अनुभवी माणसालाही जिकिरीचे जाते. तेव्हा नळीची लांबी आणि लिहिलेला आकडा यांत एवढी तफावत दिसली, तर ती दुर्बीण टाळावी. तसेच नळी आखूड आणि आरसा रुंद असेल, तर आरसा अन्वस्ताकार, दुकानाच्या भाषेत ‘पॅराबोलिक’, आहे का हे विचारावे. आखूड नळीतील नुसता गोलीय आरसा तारा बिंदूसारखा दाखवतच नाही. त्याचा कापूस होतो.

खरी मेख पायांत

स्वस्त दुर्बिणी निरुपयोगी ठरतात त्या बहुधा भिंगामुळे नव्हे, तर पायांमुळे. साठ पट वर्धनाला वस्तू जशी साठ पट मोठी होते, तशीच तिपाईची थरथरही साठ पट होते. फोकस करण्यासाठी चाकाला बोट लावावे आणि शनीने सगळ्या आकाशभर नाचावे, असा अनुभव देणाऱ्या तिपाया बाजारात मुबलक आहेत. दुकानात दुर्बीण उभी करायला सांगावी, दूरच्या एखाद्या पाटीवर ती रोखावी आणि नळीला हलकी टिचकी मारावी. प्रतिमा दोन-तीन सेकंदांत स्थिरावली तर ठीक. थरथर पाच-सहा सेकंद चालूच राहिली, तर भिंग कितीही चांगले असले तरी उपयोग नाही. चाचणी एवढीच, पण ती करू न देणाऱ्या दुकानदाराकडून खरेदी करू नये.

तिपाई आणि नळी यांना जोडणाऱ्या सांध्याला माउंट म्हणतात. वर-खाली आणि डावी-उजवीकडे फिरणारा साधा माउंट नवशिक्याला बरा. बाजारात ‘ईक्यू’ या अक्षरांनी ओळखला जाणारा दुसरा प्रकार अधिक शास्त्रीय दिसतो. त्याला वजने, चकत्या, लांब दांडे असतात आणि त्यामुळे ग्राहकावर छापही पडते. त्याचा एक आस ध्रुवताऱ्याकडे रोखला, की पृथ्वीच्या फिरण्यामुळे सरकणारा तारा एकच दांडा फिरवून दृष्टिक्षेत्रात ठेवता येतो. सोय उत्तम आहे. पण मुंबईतून ध्रुव क्षितिजापासून अवघा १९ अंश वर असतो, पुण्यातून साडेअठरा. एवढ्या उंचीवर शहरात शेजारची इमारत असते, ध्रुव नव्हे. इतक्या कमी अक्षांशाला काही माउंटांची वजने तिपाईच्या पायालाच अडतात, ही आणखी एक अडचण. छायाचित्रणाकडे वळायचे नसेल, तर या प्रकाराच्या वाटेला पहिल्या दुर्बिणीने जाऊ नये.

स्थिरतेचा प्रश्न सर्वांत स्वस्तात सोडवला तो जॉन डॉब्सन या अवलियाने. १९१५ साली बीजिंगमध्ये जन्मलेले डॉब्सन १९४४ पासून सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त सोसायटीच्या मठात संन्यासी म्हणून राहत होते. रामकृष्ण परंपरेच्या त्या मठात राहूनच त्यांनी जहाजांच्या जुन्या खिडक्यांच्या काचा घासून आरसे केले, पुठ्ठ्याच्या नळ्या वापरल्या आणि तोफेच्या गाड्यासारखे फळ्यांचे ठोकळेबाज बैठे खोके त्यांना जोडले. या उद्योगापायी मठातील कामाकडे दुर्लक्ष होते, अशा ठपक्यावरून १९६७ साली त्यांना मठ सोडावा लागला. पुढच्याच वर्षी त्यांनी आपल्या दुर्बिणी रस्त्याच्या कडेला मांडून येणाऱ्या-जाणाऱ्याला फुकट चंद्र दाखवायला सुरुवात केली, ती २०१४ साली निधन होईपर्यंत त्यांनी सोडली नाही. आपल्या रचनेचे एकस्व त्यांनी घेतले नाही. आज जगभर ‘डॉब्सोनियन’ नावाने विकल्या जाणाऱ्या दुर्बिणी याच रचनेच्या. तिपाईचे पैसे वाचतात, ते आरशात जातात. हाताने ढकलली की ती सरकते, सोडली की थांबते. तिच्यावर शिकण्यासारखे काही नाही, हेच तिचे मोठेपण.

घरातील जागा आणि खिसा पाहून ठरवायचे तर हिशेब साधारण असा मांडता येतो. सहा-सात हजारांपर्यंतच मजल असेल, तर चांगली द्विनेत्री घ्यावी, दुर्बिणीचा हट्ट धरू नये. दहा ते पंधरा हजारांत साध्या माउंटवरील ७० मिलिमीटरची अपवर्तक दुर्बीण येते. पंचवीस हजारांच्या आसपास १३० मिलिमीटरची टेबलावर ठेवायची डॉब्सोनियन मिळू शकते. शहरी सदनिकेत राहणाऱ्या बहुतेकांसाठी ती सर्वांत समतोल निवड होय, असे या प्रतिनिधीचे मत आहे. मात्र तिला भक्कम बैठक लागते. गच्चीतील टाकीचा रुंद कट्टा त्यासाठी नामी. सहा इंची पूर्ण उंचीची डॉब्सोनियन चाळीस हजारांच्या आगेमागे जाते आणि आयुष्यभर पुरते. पण लिफ्ट नसलेल्या इमारतीत चौथ्या मजल्यावरून ती खाली नेणार कोण, याचा विचार आधी करावा. आयात मालाच्या या किमती रुपया-डॉलरच्या भावाबरोबर हलतात, हेही ध्यानात असावे. जी दुर्बीण पाच मिनिटांत मांडता येते तीच वापरली जाते.

संगणकाने आपोआप तारा शोधून देणाऱ्या दुर्बिणी या किमतींत मिळाल्याच, तर यंत्राचे पैसे आरशातून कापलेले असतात. झेडडब्ल्यूओ कंपनीच्या २०२३ मध्ये आलेल्या सीस्टारसारख्या नव्या ‘स्मार्ट’ दुर्बिणी तर डोळा लावायला जागाच ठेवत नाहीत; त्या स्वतः छायाचित्रे घेऊन ती भ्रमणध्वनीवर दाखवतात. परिणाम थक्क करणारे असतात, पण तो छंद वेगळा.

गॅलरी, गच्ची आणि शेजारी

मुंबई-पुण्याच्या प्रकाशात दुर्बिणीचा काय उपयोग, अशी शंका नेहमी विचारली जाते. चंद्र, गुरू, शनी, शुक्र आणि जोडतारे यांना रस्त्यावरच्या दिव्यांचा काहीही त्रास होत नाही. मार खातात त्या दीर्घिका आणि तेजोमेघ. त्यामुळे शहरातच राहून पाहणाऱ्याने ग्रहांकडे, आणि वर्षातून दोन-चारदा गावी किंवा डोंगराकडे जाणाऱ्याने व्यासाकडे लक्ष द्यावे.

गॅलरीतून पाहणाऱ्यांची एक खास अडचण आहे. महाराष्ट्राच्या अक्षांशावर ग्रह आकाशात बरेच उंचावरून, कधी अगदी डोक्यावरून जातात आणि नेमके तेव्हाच ते वरच्या मजल्याच्या स्लॅबमागे लपतात. म्हणून पूर्वेची किंवा पश्चिमेची गॅलरी अधिक कामाची. ग्रह उगवताना वा मावळताना तरी गाठता येतो. बंद खिडकीच्या काचेतून पाहण्याचा प्रयत्न करू नये. गच्चीचा स्लॅब दिवसभर तापलेला असतो आणि संध्याकाळनंतर बराच वेळ उष्णता सोडत राहतो. त्या हवेत गुरू पाण्याखाली असल्यासारखा हलतो. दहानंतर पाहावे. परावर्तक दुर्बीण अर्धा तास आधी बाहेर नेऊन ठेवावी, म्हणजे आरसाही निवतो.

गच्चीच्या किल्लीसाठी सोसायटीच्या सचिवांना आणि समोरच्या इमारतीतील मंडळींना आपला हेतू आधीच सांगून ठेवणे शहाणपणाचे. दुर्बीण दिसली की प्रत्येकाला ती आपल्याच खिडकीकडे रोखलेली वाटते. पहिल्याच रात्री त्यांना चंद्र दाखवावा. किल्लीचा प्रश्न कायमचा सुटतो.

प्रत्यक्ष दिसते काय?

खोक्यावरची छायाचित्रे अवकाश दुर्बिणींनी किंवा तासन्‌तास प्रकाश साठवून घेतलेली असतात. डोळ्याला तेजोमेघांचे रंग दिसत नाहीत. मृगातील तेजोमेघ काळोख्या जागेतून राखाडी पंख पसरलेल्या पाखरासारखा दिसतो, देवयानी दीर्घिका म्हणजे लांबट धूसर डाग. पंचवीस लाख वर्षांपूर्वी निघालेला प्रकाश डोळ्यांत शिरतो आहे, हे ठाऊक असेल तर तो डाग पुरतो. नसेल तर निराशा होते. मुलांना हे आधी सांगावे.

चंद्र मात्र कोणालाच निराश करीत नाही. पण तो पौर्णिमेला पाहू नये. सूर्यप्रकाश तेव्हा समोरून पडतो, सावल्या नाहीशा होतात आणि सारे पांढरेफटक दिसते. शुद्ध पंचमीपासून दशमीपर्यंतचे दिवस सर्वोत्तम. उजेड आणि काळोख यांच्या सीमेवर विवरांच्या कडा उभ्या राहतात, त्यांच्या सावल्या तासाभरातही बदललेल्या जाणवतात. अष्टमीनंतर एक-दोन दिवसांनी सुमारे ९३ किलोमीटर रुंदीचे कोपर्निकस विवर सीमेवर येते; ७० मिलिमीटरच्या दुर्बिणीतून त्याच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या भिंती दिसू शकतात. संकष्टीला चंद्रोदयाची वाट पाहणारी घरे महाराष्ट्रात लाखो आहेत. त्या चंद्राच्याही एका कडेला अशाच सावल्या असतात.

गुरूला तीस पटीत चार चंद्र आणि सत्तर-ऐंशी पटीत दोन करडे पट्टे दिसतात. चंद्रांच्या जागा रोज बदलतात. मुलांना आठवडाभर त्यांचे चित्र काढायला सांगावे. गॅलिलिओने १६१० च्या जानेवारीत हेच केले होते आणि त्याच्या दुर्बिणीचे भिंग आजच्या ७० मिलिमीटरच्या भिंगापुढे सुमार होते. शनीची कडी चाळीस-पन्नास पटीत वेगळी कळते. मात्र कड्यांचा कल बदलत असतो. २०२५ च्या मार्चमध्ये पृथ्वी त्यांच्या प्रतलातून गेली आणि कडी रेघेसारखी झाली. त्यानंतर ती पुन्हा उलगडू लागली असून २०३२ च्या सुमारास सर्वाधिक उघडी दिसतील. मधल्या काळात कडी बारीक दिसली, तर दोष दुर्बिणीला देऊ नये. १६१२ साली गॅलिलिओही ती नाहीशी झालेली पाहून गोंधळला होता.

जोडताऱ्यांची मौज दुर्लक्षित राहते. लग्नात वधूवरांना दाखवायची ती अरुंधती सप्तर्षींमधील वसिष्ठाशेजारी नुसत्या डोळ्यांनी दिसते. उन्हाळ्यातील संध्याकाळी दुर्बीण तिकडे वळवावी, म्हणजे चाळीस पटीत खुद्द वसिष्ठाचेच दोन तारे झालेले दिसतात. भर शहरातून दिसणारे हे दृश्य आहे. आणि मे महिन्यात गावी गेलात, तर रात्री दक्षिणेच्या क्षितिजावर नरतुरंगातील ‘ओमेगा सेंटॉरी’ हा गोलाकार गुच्छ शोधावा. युरोपातील बहुतेक निरीक्षकांना घरून न दिसणारा हा लक्षावधी ताऱ्यांचा गोळा पुण्याहून २४ अंश उंचीपर्यंत वर येतो.

जोडवस्तू आणि एक धोका

दुर्बिणीबरोबर येणारे आयपीस तपासावेत. त्यांच्या नळीचा व्यास सव्वा इंच असावा. एक इंचाहून किंचित लहान अशा जुन्या मापाचे आयपीस नंतर बदलायला मिळत नाहीत. ‘एच’ किंवा ‘एसआर’ अशी अक्षरे असलेले आयपीस हलक्या प्रतीचे, ‘प्लॉसल’ प्रकारचे बरे. २५ आणि १० मिलिमीटरचे दोन पुरेत. शंभर पटीत तारा दोन मिनिटांत दृष्टिक्षेत्र ओलांडून जातो, म्हणून शोधायला नेहमी कमी पटींचा आयपीस लावावा, सापडल्यावर दुसरा. नळीवरील शोधक दुर्बीण किंवा लाल ठिपक्याचा दर्शक दिवसाच, दूरच्या मोबाइल टॉवरवर किंवा देवळाच्या कळसावर जुळवून ठेवावा. निम्म्या नवशिक्यांना काहीच सापडत नाही ते हे एक काम न केल्यामुळे. प्रतिमा उलटी दिसते, याची चिंता नको. आकाशात वर-खाली नसतेच.

सूर्याबाबत मात्र कोणतीही तडजोड नाही. दुर्बिणीतून क्षणभर पाहिलेला सूर्य डोळा कायमचा निकामी करू शकतो. काही स्वस्त दुर्बिणींसोबत आयपीसवर बसवायची काळी काच ‘सन फिल्टर’ म्हणून मिळते. एकवटलेल्या उष्णतेने ती तडकू शकते, म्हणून खोके उघडताच ती फेकून द्यावी. सुरक्षित गाळणी असते ती दुर्बिणीच्या पुढच्या तोंडाला घट्ट बसणारी, खास सौर निरीक्षणासाठी बनवलेली. २ ऑगस्ट २०२७ चे सूर्यग्रहण पश्चिम भारतातून खंडग्रास दिसणार आहे; त्यासाठी घाईघाईत जुगाड करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. दिवसा दुर्बीण मुलांच्या हाती एकटी सोडू नये.

जुनी दुर्बीण घ्यायलाही हरकत नाही. मंडळांच्या ओळखीतून चांगल्या वस्तू मिळतात. टॉर्चचा प्रकाश भिंगावर तिरपा टाकून पाहावा. चार धूलिकण चालतात. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक पांढऱ्या तंतूंची नक्षी दिसली, तर ती बुरशी आहे आणि ती काचेत कोरली जाते. कोकणपट्टीत व मुंबईत भिंगांचा मोठा शत्रू हाच. जून ते सप्टेंबर आकाश जवळजवळ बंदच असते, तेव्हा दुर्बीण पुसून, आयपीस काढून, सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावेत. नळीची दोन्ही तोंडे झाकून तीही कोरड्या खोलीत, माळ्यावर नव्हे. पुड्यांचा रंग बदलला, की त्या तव्यावर मंद आचेवर तापवून पुन्हा वापरता येतात. ओलसर भिंगावर प्लास्टिकची पिशवी गुंडाळू नये आणि शर्टाच्या टोकाने भिंग पुसायचा मोह आवरावा. पावसाळ्यात मधूनच एखादी रात्र धुतल्यासारखी स्वच्छ निघते; त्या रात्री डबा उघडायला विसरू नये.